फोड बरे झाले आणि महिन्याने चेहरा सुजला? या चुका टाळा

सकाळी पोर उठतं तेव्हा डोळे सुजलेले असतात. दुपारपर्यंत सूज उतरते, म्हणून ‘डास चावला असेल’ म्हणत घरात कुणी मनावर घेत नाही. दोन दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी होते. तोवर पायावरच्या फोडांच्या खपल्या केव्हाच गळून गेलेल्या असतात. या सुजेचा त्या फोडांशी संबंध असेल, हे कुणाला सुचतच नाही.

पहिली चूक ती हीच. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा बिघडला, तर किडनीला सूज यायला १ ते ३ आठवडे लागतात. कातडीवरच्या फोडांनंतर ३ ते ६. जंतू किडनीत शिरत नाही. त्याच्याशी लढताना शरीरात जे तयार होतं, तेच किडनीच्या बारीक गाळण्यांमध्ये दाह निर्माण करतं. डॉक्टर ‘घसा दुखला होता का?’ एवढंच विचारतील, तर गेल्या महिन्यातल्या फोडांचं तुम्ही आपणहून सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र आपल्या स्वयंपाकघरातली. लघवी लालसर दिसली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वर शहाळं सुरू करायचं. इथे किडनी पाणी बाहेर टाकायलाच कमी पडत असते. पाजलेलं पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो. शहाळ्यातलं पोटॅशियमही अशा वेळी घातक ठरू शकतं. सूज आणि गडद लघवी एकत्र दिसली, तर त्याच दिवशी मुलाचा रक्तदाब मोजून घ्या, तोही लहान मुलांच्या पट्ट्याने. डोकं दुखणं, उलट्या, आकडी (फिट) किंवा धाप असेल, तर थेट इस्पितळ गाठा.

आणखी एक चूक खरजेच्या बाबतीत होते. खाजवून कातडी फाटते आणि जंतूला वाट मिळते. एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यायचे, आणि आठवड्याने पुन्हा. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर नकोच. खाज दबते, खरूज तशीच राहते.

हे दुखणं एका पोरापुरतं राहीलच असं नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या रेड लेक या आदिवासी वस्तीत १९५३ आणि १९६६ मध्ये त्याची साथ आली होती. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत आजही अशा साथी येतात. तिथे साथ आली की वस्तीतल्या मुलांची कातडी तपासून फोड असलेल्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. किडनीला आधीच आलेली सूज या औषधाने उतरत नाही, पण जंतूचा फैलाव थांबतो. म्हणून भावंडांच्या अंगावरचे फोड दाखवायला विसरू नका.

तपासण्यांतही एक गफलत होते. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकसशी (थोडक्यात ‘स्ट्रेप’) लढताना शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी. ‘एएसओ नॉर्मल आलं, म्हणजे स्ट्रेप नाही,’ असं नसतं. फोडांनंतर ते फारसं वाढत नाही. त्याच जंतूविरुद्धची दुसरी प्रतिपिंडं मोजणारी अँटी-डीएनेज बी ही तपासणी जास्त उपयोगी. सी३ हे रक्तातलं प्रतिकारशक्तीचं प्रथिन कमी येतं आणि बहुतेकदा ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होतं. नाही झालं, तर दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो.

बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रक्तपेशी मात्र लघवीत वर्षभरही सापडू शकतात. रक्तदाब ठीक असेल, तर तेवढ्यासाठी मुलाला घरात बसवून ठेवू नका.