आपल्या पंचांगावरून चिनी सौरपर्व कसे काढावे

चिनी दिनदर्शिकेत सूर्याच्या वार्षिक मार्गाचे १५-१५ अंशांचे २४ भाग, म्हणजेच सौरपर्वे, पाडलेले असून, प्रत्येक पर्वाचा आरंभ तिथीवरून नव्हे, तर वसंतसंपातापासून मोजलेल्या, म्हणजेच सायन, सूर्यस्थानावरून ठरतो. आपली बहुतेक पंचांगे निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणारी, असल्याने हव्या त्या पर्वाच्या अंशांतून अयनांश, म्हणजे या दोन मोजणींतील सुमारे २४ अंशांचा फरक, वजा करावेत.

उदाहरणार्थ, ‘लीछुन’ हा वसंतारंभ ३१५ अंशांवर येतो. २४ वजा करता २९१ उरतात, म्हणजे २७० अंशांपासून सुरू होणाऱ्या मकरेचे २१ अंश. पंचांगातील दैनिक स्पष्ट ग्रहांच्या कोष्टकात रवीच्या रकान्यावर बोट ठेवून खाली आल्यास हे स्थान ४ फेब्रुवारीच्या आसपास सापडते. चिनी पंचांगातील वेळ घ्यायची असल्यास तीतून अडीच तास वजा करण्यास विसरू नये.

जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास अशा चार स्तंभांच्या चिनी कुंडलीत सामान्यतः वर्ष लीछुनपासून बदलते, त्यामुळे २ फेब्रुवारीला जन्मलेल्याचे वर्ष मागचेच धरावे. येथे घाई केल्यास पुढची सारी मांडणी चुकते.

कोल्हापूरकरांना ही सूर्यगती परकी नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे मूर्तीवर पडण्याचा सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो, कारण दक्षिणायनान्ताच्या (२१-२२ डिसेंबर) दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर मावळता सूर्य क्षितिजावर त्याच जागी येतो. २२५ अंशांवरील ‘लीतोंग’ हा हिवाळ्याचा आरंभ आणि लीछुन ही जोडीही तशीच समान अंतरावर, या तारखांच्या अगदी शेजारी आहे.