खेड्यात क्लिनिकल रिसर्च करायचाय? आधी घरातल्या आजीला भेटा

फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी वर्धा-यवतमाळकडच्या गावांमध्ये क्लिनिकल रिसर्चचं, म्हणजे पेशंटना सोबत घेऊन करायच्या अभ्यासाचं, काम सुरू केलं, तेव्हा माझ्या वाट्याला दोन अभ्यास आले. एक जन्मतः आत वळलेल्या पावलांचा, म्हणजे क्लबफूटचा. दुसरा म्हातारपणी स्नायू आणि स्मरणशक्ती कशी कमी होत जाते याचा. कागदावर दोन्हींचा काही संबंध नव्हता, पण गावात दोघंही पेशंट एकाच घरात भेटायचे.

क्लबफूटला बहुतेक ठिकाणी पोनसेटी पद्धत वापरतात. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करायचं आणि गरज पडली तर टाचेमागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, कापायची छोटी शस्त्रक्रिया. बऱ्याच मुलांना ती लागतेच. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट घालायचे, पहिले 3 महिने दिवसातले 23 तास आणि पुढे 4-5 वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाऊल पुन्हा वळण्याचं मुख्य कारण म्हणजे हे बूट न घालणं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई उजाडताच शेतात जाते. बूट घालते आजी. पट्टा ओढायला तिच्या बोटांत जोर आहे का, किती वेळ झाला हे तिच्या ध्यानात राहतं का, यावर शस्त्रक्रियेचं यश टिकतं. म्हणून फॉलो-अपच्या फॉर्ममध्ये बूट कोण घालतं हा प्रश्न असायलाच हवा. फॉर्म बदलायचा तर आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी घ्या.

आता आजीची तपासणी. म्हातारपणी स्नायू कमी होण्यावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांत हाताची पकड पुरुषांत 28 किलोपेक्षा आणि बायकांत 18 किलोपेक्षा कमी असेल तर ती कमजोर धरतात. खुर्चीवरून 5 वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर तीही धोक्याची खूण. पण अनेक घरांत खुर्चीच नसते, आणि खाटेवर घेतलेली चाचणी ग्राह्य धरू नका. ठरलेल्या उंचीची खुर्ची गाडीत घालून न्या, दर वेळी तीच.

स्मरणशक्तीच्या चाचणीत जास्त जपावं लागतं. वाक्य लिहा, 100 मधून 7 वजा करत जा, असे प्रश्न शाळेत न गेलेल्या बाईला विचारले तर आपण तिचं शिक्षण मोजतो. "मले काय लिहाले-वाचाले येते, बाप्पा?" हे ऐकून मला फार वाईट वाटायचं. निरक्षर ज्येष्ठांसाठी हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात हिंदी चाचणी तयार झाली होती. तशी चाचणी मराठीत वापरायची तर रीतसर भाषांतर आणि पडताळणी करा, अंगणात उभ्या उभ्या तोंडी भाषांतर करू नका. आणि आधी मोतीबिंदू आहे का, ऐकू येतं का, ते बघा.

संमतीबद्दल पक्कं लक्षात ठेवा. नातवाला दवाखान्यात आणते आजी, पण ती कायदेशीर पालक नसेल तर तिचा अंगठा चालत नाही, आई किंवा वडील हवेत. पालक निरक्षर असतील तर निःपक्ष साक्षीदार हवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी सहमतीही लागते. अभ्यासात नाही आलात तरी उपचार तेच मिळतील, हे पहिल्यांदा सांगा, पुन्हा सांगा.

तारखा गावाच्या पंचांगाने ठरवा. पोळा, सोयाबीनची सवंगणी, वेचणी टाळा. मेळघाटात दिवाळीनंतर बरीच घरं कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात, त्यामुळे आशाताईंना विचारल्याशिवाय तारीख देऊ नका.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपमधून, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधनाच्या योजनेतून, सुरुवात करता येते. नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजकार्यवाल्यांना प्रकल्पांमध्ये जागा निघतात, जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे असं संशोधन नीट करायचे नियम) प्रशिक्षण आधीच करून ठेवा. मुलाखतीत तुम्हीही विचारा की पेशंटचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी बजेटमध्ये धरली आहे का. धरली नसेल, तर मी त्या प्रकल्पात जाणार नाही.