नाशिकरोडला रंगरूट म्हणून जाताय? आधी पाय सांभाळा

पोरांनो, तोफखाना केंद्रात अग्निवीरांचं प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं, त्यातले पहिले १० बेसिकचे. तिथे दमाआधी पाय दगा देतात. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. मोजे रोज धुवा, ओले कधीच घालू नका. फोड आला तर फोडू नका, लपवूही नका. पिकला की ड्रिल बुडते. एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, दाखवा.

बूट रात्रीच चमकवा: कापसाच्या बोळ्यावर जरासं पॉलिश, पाण्याचा थेंब, टोकावर लहान लहान वर्तुळं. नाशिकच्या थंडीत पहाटे बोटं आखडतात, लेस बांधायलाही वेळ लागतो. लंगरात पोटभर जेवा, लाजू नका. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, ओरडले तर मनाला लावून घेऊ नका, चूक तेवढी सुधारा. आणि दर रविवारी फोन येईलच, असं आईला सांगून जाऊ नका. ती वाट बघत बसते.