जुन्या हलक्या विमानाचा कंट्रोल योक: झिजलेले भाग पारखणे, बदलणे आणि पुन्हा बसवणे

सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्ये थांबले, म्हणजे त्यातले सर्वांत नवे विमानही आता चाळिशीला पोचले आहे. सेसना १७२ आणि पायपर चेरोकीची जुनी विमाने तर त्याहूनही वयस्कर आहेत. इंदूरला फ्लाइंग क्लबमुळे अशी विमाने हाताळण्याची संधी मिळते, आणि हाताला काम येऊ लागले की योक (वैमानिकासमोरचे चाक आणि ते ज्यावर बसते ती पॅनेलमध्ये शिरणारी नळी) सुटा करून चकचकीत करण्याचा मोह प्रत्येक होतकरू मेकॅनिकला होतो. पुढील मजकूर परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांसाठी आहे. मापे, सहनमर्यादा आणि भागांचे क्रमांक त्या त्या मॉडेलच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

पाना हातात घेण्यापूर्वी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधावे. एका सहकाऱ्याने बाहेर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) हलणार नाही असे हलक्या हाताने धरावे आणि दुसऱ्याने आत बसून चाक डावी-उजवीकडे अगदी थोडे फिरवावे. एलेरॉन स्थिर असूनही चाक फिरत असेल, तर पॅनेलमागे टॉर्चचा प्रकाश टाकून युनिव्हर्सल जॉइंटची (कोनात फिरणाऱ्या सांध्याची) पिन, स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि साखळी यांपैकी कोण उशिरा हलते ते पाहावे. जिथे हालचाल आधी अडते आणि मग एकदम सुटते, तिथे झीज असते. चाक वर-खाली दाबल्यावर नळी पॅनेलपाशी डुगडुगत असेल तर दोष बुशचा (पॅनेलपाशी नळीला आधार देणाऱ्या कड्याचा) किंवा नळीचा असतो. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत, आणि एकीसाठी दुसरीचा भाग बदलला तर खर्च होतो पण प्ले (ढिलाई) तसाच राहतो.

सोडवण्यापूर्वी दोन्ही चाके समपातळीत असताना साखळी कोणत्या दात्यावर आहे त्याची खूण करावी, केबलचा ताण टेन्शन मीटरने मोजून लिहून ठेवावा आणि प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे. बोल्टचे डोके कोणत्या बाजूला होते, खाली किती वॉशर होते, हेही त्यात दिसले पाहिजे.

नळी बाहेर आल्यावर ती कोरड्या कापडाने पुसून मायक्रोमीटरने मोजावी. ती कधीच सारखी झिजत नाही. सरळ उड्डाणात नळीचा जो पट्टा बुशमध्ये असतो, तिथे बोटाने जाणवेल इतका उतार असतो, आणि वैमानिकाच्या हाताचे वजन खाली येत असल्याने त्या पट्ट्याची खालची बाजू जास्त घासलेली असते. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोन मापे घ्यावीत आणि जो भाग बुशमध्ये कधी जातच नाही त्याच्या मापाशी ती ताडून पाहावीत. नळी मर्यादेबाहेर गेली असेल तर नवा बुश घालून काही साधत नाही. लंबगोल नळीवर गोल बुश काही दिवसांतच पुन्हा ढिला होतो. पोलादी नळीवर बाहेरून क्रोम चढवून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण प्लेटिंगच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते आणि हे वरून अजिबात दिसत नाही.

बुश बहुधा नायलॉन किंवा तशाच एखाद्या प्लास्टिकचा असतो. नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात सहज सरकणारी नळी पावसाळ्यात जड जाणवू शकते. अशा वेळी बुश आतून घासून मोठा केला, तर कोरड्या हवेत तोच ढिला पडतो. नळीवर तेल किंवा ग्रीस फासण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. माळव्यातल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या तेलात बसते आणि बुश सहाणेसारखा नळीला उगाळत राहतो. मॅन्युअलने सांगितलेले वंगण सांगितलेल्या जागीच लावावे, आणि जिथे कोरडे ठेवायला सांगितले आहे तिथे कोरडेच ठेवावे.

धातूच्या भागांवरचा जुना रंग रासायनिक स्ट्रिपरने काढावा. वाळूचा मारा करून काढलेल्या रंगाबरोबर तड्याचे तोंडही बुजते, आणि मग डाय पेनिट्रंट चाचणी (तड्यात शिरणाऱ्या रंगाने तडा शोधण्याची पद्धत) काहीच दाखवत नाही. अॅल्युमिनियमवर लोखंडी किस वापरू नये, कारण त्याचे कण पृष्ठभागात रुतून तिथेच गंज धरतो. पेनिट्रंटचा लाल रंग बोल्टच्या छिद्रांभोवती आणि जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यांत विशेष पाहावा. प्लास्टिकच्या चाकाला मात्र स्ट्रिपर, अॅसिटोन किंवा पेनिट्रंट लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन दहापट भिंगाखाली, तिरक्या प्रकाशात ते तपासावे. पायपरच्या काही जुन्या प्लास्टिक चाकांना तडे जात असल्याने १९६९ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने त्यांची वारंवार तपासणी बंधनकारक केली होती. आपले चाक त्यांत मोडते का, हे त्यावरील क्रमांकावरून ठरवावे. भार घेणाऱ्या भागातला तडा इपॉक्सीने भरणे किंवा वेल्डिंगने सांधणे ही दुरुस्ती नव्हे. तो भाग बादच.

चाकाला चामडे चढवायचे असेल तर माझे मत प्रतिकूल आहे. ज्या चाकाची तड्यांसाठी पुन्हापुन्हा तपासणी करायची आहे, ते झाकून टाकण्यात काय शहाणपण? मुळातला रंग पुन्हा देणे पुरेसे आहे.

कंट्रोल लॉकचे (उभ्या विमानात योक हलू नये म्हणून अडकवायच्या पिनेचे) छिद्र तपासायला बहुतेक जण विसरतात. मूळ लॉक हरवल्यावर खिळा किंवा बोल्ट अडकवण्याची पद्धत पडते, आणि त्याने नळीचे छिद्र लांबट होते. सेसनाच्या मूळ लॉकवरची पट्टी इग्निशन स्विच झाकते, खिळ्याला ती नसते. लॉक तसेच राहून उड्डाण सुरू केल्याने अपघात घडलेले आहेत. त्यामुळे नळी बदलताना योग्य लॉकही मागवावे.

नवे भाग एफएए फॉर्म ८१३०-३ किंवा डीजीसीए या भारतीय नियामक संस्थेच्या सीए फॉर्म १ सारख्या प्रमाणपत्रासहच घ्यावेत. इंदूरच्या सियागंज बाजारात हुबेहूब दिसणारा बोल्ट मिळेल आणि सांवेर रोडवरचा कुशल खरादी बुशही सुबक करून देईल, पण त्या बोल्टच्या पोलादाची आणि त्या बुशच्या साहित्याची हमी कोणाकडेच नसते. बोल्टचे आटे जोडाच्या भार घेणाऱ्या भागात येता कामा नयेत. एएन३ या मापाच्या बोल्टवर टेन्शन नट (ओढ घेणारा जाड नट) असेल तर सर्वसाधारण टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर असतो आणि शिअर नटला (आडवा भार घेणाऱ्या जोडावरच्या पातळ नटाला) १२ ते १५ इंच-पाउंड. मॅन्युअलने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. खाचांच्या नटाचे छिद्र जुळत नसेल तर नट मागे फिरवू नये, वॉशर बदलावा. जोड फिरता असेल तर नुसता सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही, तिथे स्प्लिट पिन हवीच, आणि एकदा काढलेली पिन पुन्हा वापरायची नसते.

जोडणी झाल्यावर साखळी खुणेवर बसवून केबलचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावावा. मग चाक पूर्ण मागे ओढून दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, तसेच पूर्ण पुढे ढकलून फिरवावे. पुश-टू-टॉकची (रेडिओवर बोलताना दाबायच्या बटणाची) वायर कुठे अडकते ते याच वेळी कळते. चाक अंगठे वर करून धरले आणि वळवले, तर अंगठे ज्या बाजूला झुकतात त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे, आणि चाक ओढल्यावर एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) वर गेला पाहिजे. ही पडताळणी काम करणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्रपणे पुन्हा करून दोघांनी सही करावी. नियंत्रण प्रणाली उघडल्यानंतर ही दुहेरी तपासणी टाळता येत नाही. काढलेली नळी आणि बोल्ट करवतीने कापून मगच भंगारात टाकावेत, नाहीतर पुसून-रंगवून ते दुसऱ्या एखाद्या विमानात जाऊन बसतात.