विजय दिवसाला जरपालची लढाई कशी सांगायची

१६ डिसेंबर जवळ आला की शाळेतून नाहीतर ग्रामपंचायतीतून फोन येतो, "दादा, विजय दिवसाचं दोन शब्द बोला." मंग आपण उठतो, ढाका, पाकिस्तानी जनरल नियाझी, ९३ हजार कैदी, भारत माता की जय, टाळ्या आणि खाली बसतो. यात खोटं काहीच नाही, पण लेकरांच्या ध्यानात काही राहत नाही कारण ह्या सगळ्यात लढणारा माणूसच कुठं दिसत नाही. म्हणून ह्या वर्षी एकच लढाई घ्या अन् ती नीट सांगा. मी म्हणतो जरपाल घ्या, म्हणजे १९७१ च्या भारत-पाक युद्धातली, बसंतर नदीपलीकडच्या पाकिस्तानी ठाण्याची लढाई.

जरपालच का, तर १६ डिसेंबर १९७१ ला दुपारी साडेचारच्या सुमारास ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीवर सही झाली आणि आपण तिथंच गोष्ट संपवतो. पण पश्चिमेकडं, पठाणकोट आणि जम्मूच्या मधे जो शकरगढचा भाग आपल्या बाजूला घुसल्यासारखा आहे ना, तिथं त्याच वेळेला जवान खंदकात बसून मारा खात होते. युद्धबंदी झाली १७ तारखेला रात्री ८ वाजता. म्हणजे एकीकडं देशात पेढे वाटायला सुरुवात झालेली अन् दुसरीकडं ३ ग्रेनेडियर्स ह्या आपल्या पायदळाच्या बटालियनच्या पोरांना अजून सगळ्यात मोठा हल्ला झेलायचा बाकी होता. भाषणाची सुरुवात इथूनच करा, लोक लगेच कान टवकारतात.

तयारीला फार काही लागत नाही. आधी शौर्य पुरस्कारांच्या सरकारी वेबसाइटवरचं मेजर होशियारसिंग (ह्या लढाईत ३ ग्रेनेडियर्सच्या एका कंपनीचे प्रमुख) यांचं परमवीर चक्राचं मानपत्र वाचून घ्या, छोटंच आहे, अन् त्यात जे आहे तेवढंच सांगा. व्हॉट्सअपवर फिरणारे डायलॉग घालू नका. खऱ्या गोष्टीत एवढं आहे की वरून मसाला लावायची गरजच पडत नाही.

मग ग्राउंडवर फक्कीनं नकाशा काढा, कबड्डीचं मैदान आखतो तसाच. एक नागमोडी रेघ म्हणजे बसंतर नदी. नदीच्या अंगाला ठिपक्यांचा पट्टा, ते सुरुंग. पलीकडं एक गोल, ते जरपाल. दहा-बारा लेकरं नदीच्या अलीकडं उभी करा आणि मंग बोलायला लागा, फळ्यावर काढलेल्या चित्रापेक्षा हे शंभर पटीनं कळतं, शिवाय मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पण दिसतं.

क्रम असा ठेवा. १५ डिसेंबर, काम काय तर नदी ओलांडून पलीकडं पाय रोवायचा म्हणजे मागून रणगाडे येतील. होशियारसिंगांच्या कंपनीला जरपाल घ्यायचा हुकूम. वरून तोफगोळे, दोन्ही अंगानं मशीनगन, तरी पुढं जाऊन हातघाईची लढाई करून जरपाल घेतलं. इथं लेकरं टाळ्या वाजवतील, वाजवू द्या, पण तुम्ही थांबू नका कारण खरी गोष्ट आता सुरू होते.

प्रतिहल्ला म्हणजे काय हे इथं थोडं समजावून सांगा, घाई करू नका, माझ्या मते अख्ख्या भाषणात हीच जागा महत्त्वाची. एखादं ठाणं नुकतंच घेतलं की घेणारा सगळ्यात कमजोर असतो. रात्रभर लढून अंग मोडलेलं, गोळ्या संपत आलेल्या, जखमींना मागं न्यायचंय, आणि जे खंदक हाती लागले त्यांची तोंडं उलटी, म्हणजे आपल्याच बाजूला, कारण ते शत्रूनं आपल्यासाठी खणलेले. ते परत दुसऱ्या बाजूनं नीट करायचे. मागून रणगाडे यायचे तर मधे सुरुंग. समोरच्यालाही हे सगळं माहीत असतं, म्हणून तो वेळ देत नाही, लगेच उलटून येतो. हे एकदा कळलं की पुढचं सगळं ऐकताना अंगावर काटा येतो.

१६ तारखेला तीन प्रतिहल्ले आले, त्यातल्या दोघांत रणगाडे होते. होशियारसिंग ह्या खंदकातून त्या खंदकात फिरत राहिले, उघड्यावरून, गोळे पडत असताना. जवानाला साहेब दिसला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर खंदकात माणूस एकटा पडतो. तिन्ही हल्ले परतवले. पूना हॉर्स ह्या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे रणगाडे सुरुंग पूर्ण निघालेले नसतानाच पट्टा पार करून आले होते आणि त्याच दिवशी तिथंच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल गेले, वय २१, जन्म पुण्याचा, कमिशन मिळून सहा महिने. रणगाडा पेटला, बाहेर ये म्हणून सांगितलं तरी तोफ चालू आहे म्हणून उतरले नाहीत. त्यांच्यावर वेगळं भाषण होतं, इथं दोन-तीन वाक्यं पुरे पण नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

१७ तारीख. आता अख्खी बटालियन चालून आली, पाठीशी जोरदार तोफखाना. कंपनी म्हणजे साधारण सव्वाशे माणसं अन् बटालियन म्हणजे सात-आठशे, हा फरक लेकरांना उभं करूनच दाखवा. होशियारसिंग ह्या वेळी जबर जखमी, तरी फिरतायत. तेवढ्यात मशीनगनच्या खड्ड्याजवळ गोळा पडला, गन चालवणारे जखमी, गन बंद. इथं आवाज खाली आणा आणि विचारा, एक गन बंद पडली तर काय होतं? गन दुसऱ्या गनच्या माऱ्याला कापून मारा करत असते, त्यातली एक गप झाली की मधी वाट मोकळी होते आणि शत्रूला ती वाट लगेच कळते. होशियारसिंग तशा अवस्थेत धावत त्या खड्ड्यात गेले अन् स्वतः गन धरली. हल्ला मोडला. युद्धबंदी होईपर्यंत ते मागं जायला तयार झाले नाहीत. १९७१ च्या युद्धात चार परमवीर चक्रं मिळाली, त्यात हयातीत मिळालेले हे एकटे.

आता एक गोष्ट जी बरेच जण गाळतात. समोरच्यांचे ८५ मृतदेह मैदानात राहिले, त्यात त्यांचे कमांडिंग ऑफिसर आणि आणखी तीन अधिकारी होते. कमांडिंग ऑफिसर म्हणजे ३५ फ्रंटियर फोर्स ह्या पाकिस्तानी बटालियनचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा. ते मागं बसून हुकूम सोडत नव्हते, माणसांबरोबर पुढं होते. पाकिस्ताननं त्यांना हिलाल-ए-जुर्रत हे त्यांचं मोठं शौर्यपदक दिलं. हे जरूर सांगा, कुणी कुरकुरलं तरी सांगा. समोरचा असा लढला म्हणूनच आपल्या पोरांनी काय सोसलं त्याचा अंदाज येतो.

गावात माजी सैनिक असतील तर आधी घरी जाऊन बोलवा, ऐनवेळी माईक हातात देऊ नका. "सुभेदार साहेब, खंदकात रात्र कशी जाते, जेवण कसं यायचं, घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं" असं विचारा. "किती मारले" हे कधीच विचारू नका, लेकरांनाही आधीच सांगून ठेवा. नको म्हणाले तर नको. आणि वीरपत्नी, वीरमाता येणार असतील तर त्यांचा सत्कार सगळ्यात आधी, पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत माउलीला उन्हात खुर्चीवर बसवून ठेवायचं हे बघवत नाही हो. कोण कुठं राहतात माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

बोलणं दहा मिनिटात आटपा आणि पुढची दहा मिनिटं लेकरांच्या प्रश्नांना ठेवा. मशीनगनचं, सुरुंगाचं विचारतीलच, पण "ते होशियारसिंग नंतर कुठं गेले" हे पण हमखास येतं, तर उत्तर तयार ठेवा, हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्यातल्या सिसाना गावचे, १९९८ च्या डिसेंबरात वारले.