हरणांनी पीक खाल्लं? परवाना शोधू नका, पंचनामा करून घ्या

सातबारा तुमच्या नावावर असला, तरी रानात शिरलेलं हरीण तुमचं होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. कलम 11 मध्ये काही अपवाद आहेत, पण काळवीट आणि चिंकारा अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतात आणि त्यांच्या बाबतीत ‘पीक खाल्लं’ हे कारण चालत नाही. ‘परवाना निघतो की’ असं पारावर ऐकू येतं ते रानडुकराबद्दल. त्या कागदावर हरणाला बार घातला, तर अनुसूची 1 मधल्या प्राण्यासाठी 3 ते 7 वर्षं कैद आहे.

हातात पडण्यासारखी गोष्ट म्हणजे भरपाई. सागरेश्वरच्या कडेची रानं असोत, शिराळ्यातली चांदोलीलगतची, नाहीतर पाटणची. नुकसान दिसल्यापासून 3 दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. अर्जासोबत सातबारा, 8अ, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा. पैसे अडतात ते बहुधा इथंच. ई-पीक पाहणीत हरभरा नोंदवलेला नसेल, तर खाल्लेला हरभरा कागदावर दाखवायचा कसा?

पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नका, पाणीही सोडू नका, ठसे पुसतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. लेंड्यांचाही फोटो घ्या. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे शेंडा ओढून तोडल्यासारखा, चिंध्या झालेला दिसतो. डुक्कर माती उकरतं, ऊस बुडातून फोडतं. कुणी खाल्लं हे पंचनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. बाधित क्षेत्र गुंठ्यांत मोजलेलं आहे ना, ते वाचूनच सही करा. ‘अंदाजे’ लिहिलं की आकडा खालीच येतो. दाद लागत नसेल तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

राखणीसाठी कुंपणाच्या तारेला जोडायचं झटका मशीन चालतं, कारण त्याचा करंट ठोक्याठोक्यानं येतो. मोटारीच्या पेटीतून थेट तार ओढणं मात्र जीवघेणं. त्यात हरीण मेलं तर शिकारीचाच गुन्हा लागतो, आणि पहाटे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेला माणूसही त्याच तारेला चिकटतो.