मूल पहिल्या दिवशीच मांडीवर येऊन बसलं, तर हुरळू नका

मी थेरपिस्ट म्हणून शिकत होते तेव्हा माझ्या पहिल्या दत्तक केसमधला मुलगा सात वर्षांचा होता. पहिल्या भेटीत त्याने खोलीभर एक नजर फिरवली आणि सरळ येऊन माझ्या मांडीवर बसला. दहाव्या मिनिटाला म्हणाला, "तू माझ्या आईपेक्षा चांगली आहेस." त्या रात्री मी नोंद लिहिली: 'नातं लगेच जुळलं.' खाली आणखी एक ओळ: 'आई अलिप्त वाटते.' (मूल ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

दोन्ही वाक्यं चुकीची होती आणि ते कळायला मला आठ महिने लागले. अटॅचमेंट म्हणजे काय (मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातली घट्ट ओढ), तिचा सिद्धांत मांडणारे बोल्बी कोण, मेरी एन्सवर्थने आई आणि बाळाला खोलीत बसवून काय पाहिलं, हे सगळं तुम्ही वर्गात शिकला आहात असं धरून चालते. मला त्या आठ महिन्यांबद्दल सांगायचंय, कारण या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच खड्ड्यात पाय घालताना दिसतो.

तो मुलगा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत संस्थेत वाढला होता. जिथे सांभाळणारी माणसं पाळीप्रमाणे बदलतात, तिथे मूल एक हुशारी शिकतं: समोर येईल त्या मोठ्या माणसाला दोन मिनिटांत आपलंसं करायचं. ही हुशारी त्याला जगवते. आपल्याला मात्र ती माया वाटते. अनोळखी माणसाशी अशी बेधडक सलगी पूर्वी रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डरचाच, म्हणजे लहानपणी माया-सांभाळ न मिळाल्याने नातं जोडण्यात येणाऱ्या विकाराचाच, एक प्रकार मानली जायची. २०१३ मध्ये डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने, तिला वेगळं काढून 'डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर' असं जडजंबाल नाव दिलं. बोलघेवड्या प्रत्येक पोराला ते चिकटवू नका, पण ठाऊक असू द्या. १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर रुमानियातली, बहुतेक संस्थांमधली, मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. त्यांतल्या १६५ जणांचा ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. वयाच्या सहा महिन्यांच्या आत तिथून बाहेर पडलेली मुलं ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्या अनेकांमध्ये मात्र ही सलगी वर्षानुवर्षं टिकली, प्रेमाचं घर मिळूनसुद्धा. आणि हेही सांगून ठेवते: या दुसऱ्या गटातलीही काही मुलं कुठल्याही मोठ्या अडचणीशिवाय मोठी झाली.

हे सगळं मी वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण मूल मांडीवर बसलं की पुस्तक आठवत नाही.

दर आठवड्याला तो धावत आत यायचा, मी दार लावायचे आणि त्याची आई बाहेर त्याचं दप्तर मांडीवर घेऊन बसायची. पन्नास मिनिटं. प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, मूल आणि थेरपिस्ट अशी दोघांतच करायची, असं मी शिकले होते. तो माझ्याकडे मोकळा व्हायचा, घरी जाऊन आईला चावायचा. मला वाटायचं, इथे याला सुरक्षित वाटतंय, घरी वाटत नाही. चौथ्या महिन्यात त्याने बाहुलीचे केस विंचरता विंचरता विचारलं, "माझ्या पहिल्या आईने मला का देऊन टाकलं?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉड्झिन्स्की यांनी १९८० च्या दशकात दत्तक मुलांशी बोलून दाखवलं होतं की लहान मूल 'मी दत्तक आहे' हे पाठ केलेल्या कवितेसारखं आनंदाने म्हणतं, अर्थ न कळता. पहिली-दुसरीच्या वयात त्याला नाण्याची मागची बाजू दिसते. मला कुणीतरी घेतलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी सोडलं. मुलाचं वागणं अचानक बिघडलं म्हणून पालक याच सुमारास धावत येतात. बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं. मुलाची समज वाढलेली असते आणि तिच्यासोबत दुःख आलेलं असतं.

तर तो प्रश्न आला. घरी त्याने तो कधीच विचारला नव्हता. मी काय केलं? मऊ आवाजात छानसं उत्तर दिलं आणि फाइलमध्ये लिहून ठेवलं. आईबाबांना सांगितलं नाही, कारण गोपनीयता! पुढच्या वीस वर्षांत ज्या दोन माणसांना हा प्रश्न शंभरदा पेलायचा होता, त्यांच्यापर्यंत मी तो पोचू दिला नाही. माझ्या बंद दाराआड त्या मुलाला तिसरी आई मिळत होती. पहिली गेलेली, दुसरी बाहेर दप्तर धरून बसलेली आणि तिसरी आठवड्याला पन्नास मिनिटं हसतमुख. गृहपाठ नाही, दात घासायचा लकडा नाही, रात्रीची जागरणं नाहीत. अशा आईशी कुठली खरी आई स्पर्धा करणार?

मग माझी प्रशिक्षणाची मुदत संपली. शेवटाबद्दल मी त्याला दोनच आठवडे आधी सांगितलं. तो रडला नाही. खेळणी डब्यात नीट भरली आणि विचारलं, "पुढच्या वेळेपासून कोण?"

तीन दिवसांनी आईचा फोन आला. "मॅडम, तुम्हाला जावं लागतंय, मला कळतं. पण तो मला म्हणतो, तू मला तिच्याकडे का नाही देऊन टाकलंस? मी काय सांगू त्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती अलिप्त नव्हती. साडेतीन वर्षं रोज झिडकारली जाऊनही ती दप्तर घेऊन येत राहिली होती. दमली होती, एवढंच.

या आठ महिन्यांत माझे सुपरव्हायजर, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणारे ज्येष्ठ थेरपिस्ट, दर वेळी "छान चाललंय" म्हणत होते. गुरू निवडताना माझं मत ऐका, कडू वाटलं तरी: जो फक्त शाबासकी देतो त्याच्याकडे या कामासाठी जाऊ नका. नंतर मी ज्यांच्याकडे गेले त्या बाईंनी सगळी फाइल वाचली, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "अगं, तुझ्याकडे किती मोकळा झाला ते राहू दे. आईपाशी कधी रडला का तो?" आजही प्रत्येक केसमध्ये मी हाच प्रश्न आधी घेते.

आता माझी पद्धत अशी आहे. पहिल्या तीन-चार भेटी मुलाशिवाय, फक्त पालकांसोबत. मूल घरात कसं आलं, येण्याआधी या दोघांनी काय गमावलं, स्वतःच्या आईबापांकडून रडण्याला काय उत्तर मिळायचं, हे सगळं. अनेक घरांत दत्तक घेण्याआधी मूल व्हावं म्हणून केलेल्या उपचारांची, आपोआप झालेल्या गर्भपातांची वर्षं गेलेली असतात आणि त्याबद्दल कुणीही, नवरा-बायको एकमेकांशीसुद्धा, बोललेलं नसतं. ते दुःख मुलाच्या अंगावर नकळत सांडतं. त्यानंतर मूल येतं ते पालकांसोबतच, आणि दार लागतं तेव्हा तिघं-चौघं आत असतात. डॅन ह्यूज यांची डायाडिक डेव्हलपमेंटल सायकोथेरपी घ्या किंवा थेराप्ले, मूल-पालक नात्यावर काम करणाऱ्या या दोन्ही पद्धतींत पालक खोलीतच असतात. मूल माझ्या मांडीकडे वळलं तर मी हळूच सरकते आणि म्हणते, "हे बाबांच्या मांडीवर बसून सांगशील?" ठेच लागली की ते आधी कुणाकडे बघतं, हे टिपते. जन्मदात्या आईचा प्रश्न माझ्याकडे आला तर म्हणते, "फार मोठा प्रश्न आहे. आईबाबांना सोबत घेऊन विचारूया?" आईबाबांची तयारी आधीच झालेली असते, त्यामुळे त्यांची त्रेधा उडत नाही. म्हणजे कमी उडते. गोपनीयतेची सीमाही पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर आखून घेते.

लहान मुलांबाबत हे असं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकट्याने बोलायला जागा लागते. तिथे आईबापांना खोलीत कोंबू नका.

इथवर वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. चुका होतात आणि नात्यातल्या चुका सांधताही येतात. मी त्या आईला परत फोन केला, माझी चूक तिच्यासमोर मान्य केली, आणि पुढच्या थेरपिस्टकडे तिघांनाही सोबत घेऊन एकदा जाऊन बसले. मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना मात्र आईचा हात ओढत म्हणाला, "चल ना." मी ते पुरेसं मानलं. आणखी एक गोष्ट: दत्तक म्हणजे रोग नव्हे. परदेशात दत्तक गेलेल्या मुलांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून संशोधक युफर आणि व्हॅन आयझेंडोर्न यांनी २००५ मध्ये दाखवलं की बहुतेक मुलं नीट वाढतात. मानसिक आरोग्य सेवांकडे मात्र ती इतरांपेक्षा जास्त पाठवली जातात. तुमच्यापुढे येणाऱ्या मुलाचं गणित कच्चं असेल तर कधीकधी ते नुसतं गणितच असतं.

शॉर्टकटबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही. शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून 'अटॅचमेंट तज्ज्ञ' होणाऱ्यांची मला चीड आहे. त्याहून भयंकर म्हणजे मुलाला जबरदस्तीने धरून ठेवून, त्याचा 'राग बाहेर काढून' जिव्हाळा निर्माण करू म्हणणारे. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दहा वर्षांची एक दत्तक मुलगी 'रिबर्थिंग' (पुन्हा जन्म घेण्याचा प्रयोग) नावाच्या अशाच सेशनमध्ये चादरीत गुंडाळून, उशांनी दाबून धरल्यामुळे गुदमरून गेली. श्वास घेता येत नाही असं ती सांगत होती. थेरपिस्टना तुरुंगवास झाला आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने हा प्रकार कायद्याने बंद केला. तुम्हाला कुणी असलं काही शिकवू लागलं तर तिथून उठून या. फी बुडाली तरी चालेल.

मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्तींबद्दल थोडक्यात. त्या क्वचितच 'दत्तक' हा विषय घेऊन येतात. लग्न ठरलंय आणि झोप लागत नाही, पहिलं बाळ झालंय, आई गेली, डॉक्टरांच्या फॉर्मवर 'कुटुंबात कुणाला मधुमेह?' या रकान्यासमोर पेन अडलं, अशा निमित्तांनी येतात. मागे कुठेतरी त्या मुळांचा प्रश्न असतो. तो तुम्ही उकरू नका आणि टाळूही नका. आणि सगळ्यांत कमी येतात त्या जन्मदात्या आया. अमेरिकन कुटुंब-अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ज्याला 'ॲम्बिग्युअस लॉस' (धूसर वियोग) म्हटलं, ते इथे लख्ख दिसतं: माणूस जिवंत आहे, पण आयुष्यात नाही, त्यामुळे दुःख करायला दिवस नाही, सांत्वनाला कुणी येत नाही. माझ्याकडे आलेली एक बाई अकरा भेटी पाठदुखीबद्दल बोलली. बाराव्या भेटीत तिने एक तारीख सांगितली.

जाता जाता नोंदींबद्दल. आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय याचा शोध दत्तक व्यक्ती इतरांपेक्षा जास्त घेतात, कारण त्यांच्या आयुष्याची सुरुवातीची पानं अनेकदा फक्त कागदपत्रांतच असतात. माझ्या त्या पहिल्या फाइलमध्ये मी नंतर तारीख घालून दुरुस्ती जोडली, पण मूळ नोंद खोडता येत नाही. 'आई अलिप्त वाटते' हे माझ्या अक्षरात तिथे अजून तसंच आहे. तो आता ती फाइल मागण्याच्या वयाचा झाला असेल.